उसने माग

माग गुरुवारी पहाटे परत आले. फेलीने एकेक करून त्यांच्यावरची रस्त्याची धूळ पुसली, सगळे पूर्वीच्या जागी लावून घेतले आणि मग नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

तेरियोच्या ते शनिवारपर्यंत लक्षात आलं नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. कॉलेजच्या पांगादान शाखेचा प्रमुख म्हणून तो इतकी वर्षं इतक्या लोकांची गाऱ्हाणी ऐकत आला होता, की घरातलं एक माणूस गप्प झालं तर त्याला नुसतं बरं वाटायचं. शिवाय शनिवारी वाक्सी, म्हणजे वर्षाचं सुतक फेडायचा विधी होता. तातांग ग्रेगोरियोंना, म्हणजे तेरियोच्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. गालिनातो घराण्याने वर्षभर अंगावर वागवलेलं काळं आज उतरायचं होतं. त्यासाठी अर्धं गाव जेवायला येणार होतं, आणि त्या अर्ध्या गावात मनिलाहून आलेलं तपासणी पथकही होतं.

फेलीचं मौन तिथे मोडलं.

"त्यांना जेवायला बोलावलंस?" ती डुकराच्या मांसाचे तुकडे दुसऱ्यांदा तळत होती, कारण एकदा तळून बाग्नेत होत नाही. "आपली शाखा बंद करायला आलेत ते."

"बंद करायला नाही. खर्च बघायला."

"खाटकाच्या दुकानातही आधी वजनच बघतात."

"पांगादानला शनिवारी खाणावळ उघडी नसते, फेली. उपाशी गेले असते बिचारे."

"जाऊ द्यायचे होते बिचारे."

"त्यांनाही अवघडच झालंय. तपासणीच्या गावात कुणाचं खायचं नाही असा नियम आहे म्हणे. पण मेलेल्या माणसाच्या जेवणाला नाही कसं म्हणणार? त्यांच्या साहेबाने शेवटी स्वतःचा डबा आणलाय."

फेलीने झारा कढईच्या काठावर आपटला. ती त्याच शाखेत विणकाम शिकवायची. तातांगनी गावातल्या घराघरातून माड्यांवर पडलेले जुने हातमाग मागून आणले आणि त्यांच्यावर शाखा उभी केली, त्या मागांची देखभाल लग्न होऊन आल्यापासून तिच्याकडे होती. दर तपासणीला ते ट्रकवर चढून जात. का जात, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेरियोची थोरली बहीण पेर्पेतुआ, म्हणजे मानांग पेर्पिंग, साऱ्या कॉलेजची अध्यक्ष होती, सांता इनेसच्या मुख्य शाखेत बसायची, आणि तपासणी आली की फोन करायची. "आदिंग, बुधवारी पथक येतंय. माग पाठव, विणणाऱ्या मुलीही पाठव." धाकट्या भावाला आदिंग म्हणतात. त्या एका शब्दात तेरियोचा ट्रक सुरू व्हायचा.

तक्रार करावी तर सांता इनेसहून प्रोजेक्टर यायचा पांगादानच्या तपासणीला. तो कुणाला चालवता यायचा नाही, पण यायचा.

या वेळी एकच अडचण होती. एका मागावर नानांगसाठीचं, म्हणजे तेरियोच्या आईसाठीचं, कापड चढलेलं होतं. काळं उतरल्यावर नानांगने ते खांद्यावर घ्यायचं होतं, आणि ते निम्मं विणून झालं होतं. दुसऱ्या प्रांतातल्या कुणी तो ताणा कापला असता, रिकामा माग पाठवला असता आणि नंतर नवा ताणा लावला असता. पण अर्धा ताणा कापणं म्हणजे उरलेलं सूत कचऱ्यात, आणि असं करणारा माणूस इलोकोसमध्ये अजून जन्माला यायचा आहे. फेलीच्या ते मनातही आलं नाही. तेरियोच्याही नाही. माग कापडासकट ट्रकवर चढला, सांता इनेसला जाऊन आला, आणि दोन्हीकडे मुलींनी विणकाम थांबवलं नाही. शनिवारपर्यंत ते व्हायला हवं होतं ना.

"मला एवढंच सांग," फेली म्हणाली. "दोन्हीकडे माग दाखवून आपल्याला मिळालं काय?"

"दोन्हीकडे चांगलं दिसलं."

फेलीने पुन्हा बोलणं बंद केलं.

*

पथकाच्या गाडीत मिनर्व्हा मागच्या सीटवर बसली होती. ती पेर्पेतुआची मुलगी, आणि पथकातली सगळ्यात कनिष्ठ. निघण्याआधी तिने साहेबांना लेखी कळवलं होतं, की ज्या कॉलेजची तपासणी करायची त्याची अध्यक्ष माझी आई आहे आणि एक शाखाप्रमुख माझा मामा आहे. काबिगतिंग साहेबांनी ते वाचून चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या प्रांतात कुणाचा कोणी नाही असा माणूस मिळाला तर कळवा, त्याला घेऊ." तसा मिळाला नाही.

अंगणात मंडप होता. प्रार्थना सुरू होऊन संपतही आली होती. मिनर्व्हा मागे उभी राहिली. तिची आई पहिल्या रांगेत ताठ बसली होती, नेहमीसारखी, जणू ही प्रार्थनाही तिच्याच अध्यक्षतेखाली चालू आहे. मग प्रार्थना म्हणणाऱ्या बाईंनी खूण केली. नानांग उठली, आत गेली, आणि पांढरा ब्लाउज घालून, खांद्यावर नवं कापड घेऊन बाहेर आली. बायकांनी डोळे पुसले. वर्षभर काळ्यात बघितलेलं माणूस रंगात दिसलं, तशी मिनर्व्हाही रुमाल शोधू लागली.

त्यानंतर तिने कापड बघितलं.

बिनाकोलची नक्षी होती. चौकोनांत चौकोन, बघत राहिलं की भोवळ येते. वाईट आत्म्यांनी वाट चुकावी म्हणून अशी विणतात. निळं आणि पांढरं, आणि टोकाकडे अचानक एक नारिंगी पट्टा. निळ्यात नारिंगी कोणी घालत नाही. बुधवारी सांता इनेसच्या नव्या वातानुकूलित विणकाम केंद्रात एका मुलीच्या मागावर तिने हाच नारिंगी पट्टा सुरू होताना पाहिला होता, आणि विचारलंही होतं. "निळं सूत संपलं, मॅडम," असं मुलगी शेजारच्या अध्यक्षबाईंकडे बघून, मान खाली घालून म्हणाली होती. गुरुवारी पांगादानच्या शेडमध्ये एका मागावर नारिंगी पट्टा वीतभर झालेला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, इकडे बहुधा सगळीकडेच निळं संपलंय. मुलींचे चेहरे तिने पाहिले नव्हते. तपासणीत चेहरे कोणी बघत नाही.

आता तो पट्टा आजीच्या खांद्यावर होता, आणि तिच्या लक्षात आलं की वाईट आत्म्यांबरोबर तीही दोन दिवस वाट चुकली होती.

"आपोंग," ती पाया पडताना म्हणाली, म्हणजे नानांगचा हात कपाळाला लावताना, "सुंदर आहे. कुठून आलं?"

"मागावरून."

"कुठल्या मागावरून?"

"लाकडाच्या." नानांगने तिच्या गालावर हात फिरवला. "वाळलीस गं. मनिलात काय देतात खायला? चल, बस जेवायला."

नानांगला ऐकू कमी यायचं, पण कधी, ते ती ठरवायची.

*

काबिगतिंग साहेबांना नियमाच्या जोडीला संधिवातही होता, त्यामुळे मांस वर्ज्य होतं. त्यांनी टेबलावर आपला डबा उघडला. आत एक उकडलेलं अंडं आणि भात. नानांग शेजारीच बसली होती. तिने काही न बोलता डबा आपल्याकडे ओढला, त्यात वांगी-कारल्याचं पिनाकबेत भरलं, वर भाताची घट्ट खीर थापली आणि परत त्यांच्यासमोर सरकवला.

"हे आता तुमच्याच डब्यातलं आहे," ती म्हणाली. "खा."

साहेबांनी डब्याकडे बघितलं, नियम मनातल्या मनात वाचून पाहिला, आणि खाल्लं.

पेर्पेतुआ समोर होती. तिने अजून काळं उतरवलं नव्हतं. जेवणानंतर बदलते म्हणाली होती. खरं म्हणजे तिला आत जाऊन एकटं उभं राहायचं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी, तपासणी संपल्यावर, तिच्या ऑफिसात कॉफी घेताना साहेबांनी तिला नवा नियम सांगितला होता. तो नियम साहेबांनी भावाला सांगू नये अशी तिची इच्छा होती. निदान बाग्नेत संपेपर्यंत.

"तेरियो सर," साहेब म्हणाले, "तुम्ही आम्हाला जेवायला बसवलंत, म्हणून मला बरं वाटत नाही. पण तुम्हाला सोमवारी कागदावर कळण्यापेक्षा आज तोंडी कळलेलं बरं."

"बोला ना, सर."

"एकाच कॉलेजात दोन ठिकाणी तोच अभ्यासक्रम चालवायचा नाही, असं यंदापासून ठरलंय. सरकारचा पैसा दोनदा जातो. दोन असले की एक बंद. ज्या ठिकाणी एका विद्यार्थ्यामागे खर्च जास्त, ते."

"बरोबर आहे," तेरियो म्हणाला. तो मनापासून म्हणाला. काटकसरीच्या कुठल्याही नियमाला तो आजवर बरोबरच म्हणत आला होता.

"विणकाम सांता इनेसला आहे, आणि तुमच्याकडेही आहे."

तेरियोने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तिथे इमारत नवी, मुलं जास्त, जागा मोठी. तुमच्याकडे शेड. त्यामुळे तुमचं बंद होईल. आणि विणकाम काढलं तर तुमच्याकडे मासेपालनाची मुलं उरतात. तेवढ्यासाठी शाखा चालवता येत नाही."

फेली वाढायचं पातेलं घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. तेरियोच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलेलं पेर्पेतुआने पाहिलं. ट्रक. माग. मुली. दोन्हीकडे चांगलं दिसलं. त्याने आपलीच शाखा उचलून बहिणीच्या घरी नेऊन दाखवली होती, आणि आता ती तिथलीच झाली होती.

तो तिच्याकडे बघेल असं तिला वाटलं. तो ताटाकडे बघत राहिला. हे जास्त वाईट होतं.

"सर," मिनर्व्हा म्हणाली.

पेर्पेतुआला मुलीचा तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी गणित चुकलं की शिक्षकांना ती याच आवाजात सांगायची.

"आजीच्या खांद्यावरचं कापड बघा. तो नारिंगी पट्टा बुधवारी सांता इनेसला सुरू होत होता. मी स्वतः विचारलं होतं. गुरुवारी इथे तो वीतभर झाला होता. आज पूर्ण आहे."

काबिगतिंग साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि नानांगच्या खांद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी भोवळ आल्यासारखे डोळे मिटले.

"कापडं दोन आहेत की एक?"

"एक," तेरियो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे सोप्या ठिकाणी तो खरंच बोलायचा.

"मग माग एकाच ठिकाणचे आहेत."

"हो."

"कुणाचे?"

तेरियोने तोंड पुसलं. बहिणीच्या मुदतवाढीचा निर्णय पुढच्या महिन्यात मंडळासमोर होता, हे त्याला ठाऊक होतं. पथकाला फसवलं असं कागदावर आलं की मानांगची खुर्ची गेली, हेही. पेर्पेतुआने हे सगळं त्याच्या कपाळावर वाचलं. त्याचं कपाळ लहानपणापासून वाचायला सोपं होतं.

"सांता इनेसचे," तेरियो म्हणाला. "गुरुवारच्या तपासणीसाठी आम्ही उसने आणले होते. चूक माझी आहे."

फेलीच्या हातातलं पातेलं टेबलावर आलं. आपटलं नाही, ठेवलं. तिचा चेहरा एकदम शांत झाला, आणि घरातले सगळे घाबरले.

"मग परत करायला हवेत," ती म्हणाली. "उसनं ठेवून घेणं बरं नाही. ट्रक बाहेरच उभा आहे. जेवणं झाली की चढवू. मुलींनाही सांगते, सामान बांधा म्हणून. त्याही उसन्याच असतील."

टोमणा होता हे कुणालाही कळलं असतं. तेरियोला कळलं नाही, किंवा त्याने कळून घेतलं नाही.

"हो," तो म्हणाला. "आजच करू. फक्त दुसऱ्या मागाची फणी सैल आहे, मानांग. तिथल्या कुणाला तरी दाखवून ठेवतो."

खरं तर पेर्पेतुआला काहीच करायचं नव्हतं. नुसतं चावत राहायचं होतं. तोंडात घास होता, म्हणजे ते सोपंही होतं. तिला माग मिळत होते, मुली मिळत होत्या, इमारत भरत होती, मुदतवाढ मिळत होती, आणि हे सगळं तिने मागितलेलंसुद्धा नव्हतं. मागावं लागलंच नव्हतं तिला कधी. तिने दहा माणसांसमोर भाषणं केली होती, जबाबदारी, पारदर्शकता, एक पेसो वाया जाता कामा नये. आणि समोर तिचा भाऊ आपलं सगळं तिच्या दारात टाकायला निघाला होता, वर फणी सैल आहे म्हणून काळजी करत होता. तिला त्याचा भयंकर राग आला. इतका भला माणूस घरात असला की बाकीच्यांना वाईट व्हायला वेळच लागत नाही.

तिने घास गिळला.

"माग पांगादानचे आहेत," ती म्हणाली.

"मानांग, गप्प बस," तेरियो म्हणाला. असं तो तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

"बुधवारी मी मागवून घेतले. माग, मुली, सगळं. मुलींना आमच्या हॉटेल विभागाचे गणवेश घातले. यापूर्वीही दर तपासणीला असंच करत आलो. हा नियम तुम्ही मला बुधवारी संध्याकाळी सांगितलात, तेव्हाच हे सांगायला हवं होतं. मी कॉफी घेत राहिले."

साहेबांनी डबा बंद केला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि ते खीर उरल्याचं नव्हतं.

"मग मॅडम, सांता इनेसच्या विणकाम केंद्रात तुमचं स्वतःचं काय आहे?"

"इमारत. वातानुकूलित."

"आत?"

"वातानुकूलन."

मंडपात कुणीतरी खोकलं.

"माग का घेतले नाहीत?"

"इमारतीसाठी पैसे मिळतात. मागांसाठी मागितले की तुमचं कार्यालय विचारतं, विद्यार्थी कुठे आहेत. विद्यार्थी मागाशिवाय येत नाहीत. तीन वेळा मागितले. तिन्ही वेळा मागणीपत्र परत आलं. शेवटच्या वेळी त्यावर माझ्या मुलीच्या विभागाचा शिक्का होता."

मिनर्व्हा लाल झाली. "ती मी नव्हे, मम्मी. माझ्या शेजारचं टेबल."

"मला माहीत आहे. तू असतीस तर कारण तरी नीट लिहिलं असतंस."

"मी आज बोलले ते... माझं कामच आहे ते, मम्मी."

"कामच आहे. मग बुधवारीच नीट विचारायचं होतंस. नारिंगी पट्टा बघून 'निळं संपलं' यावर समाधान मानतात का कुणी? तुला मी असं शिकवलं?"

आई सगळ्यांसमोर रागावली म्हणून मिनर्व्हाला रडू यायला हवं होतं, आणि येत होतं, पण त्याच्या कारणात दुसरंही काहीतरी मिसळलं होतं. तिने आईच्या ताटात बाग्नेतचा कुरकुरीत तुकडा वाढला. पेर्पेतुआने तो खाल्ला.

"मला हे लिहावं लागेल, मॅडम," साहेब म्हणाले.

"लिहा."

"मंडळाकडेही जाईल."

"जाऊ दे. पण आधी दुसरं लिहा. दुहेरी नाही म्हणजे पांगादानचं विणकाम राहतं."

"राहतं," साहेबांनी मान्य केलं. "यंदा राहतं. संख्या मात्र कमीच आहे. वर्षभराने पुन्हा बघू. तेव्हाही इतकीच मुलं असतील तर मला काही करता येणार नाही." ते उठले, नानांगसमोर वाकले. नानांगने त्यांच्या हातात दुसरा डबा दिला.

"हा माझा नाही, आजी."

"नाहीच. वाटेत खा."

*

गाडी गेली, पाहुणे पांगले, मंडपात कुत्री शिरली. तेरियो विणकामाच्या शेडमध्ये सैल फणी आवळत होता. त्याला बहिणीची पावलं ऐकू आली. तो वळला नाही.

"आदिंग."

"कुणी सांगितलं होतं तुला?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला, आणि चढल्याचं ऐकून त्याचाच त्याला धक्का बसला. पण आता सुरू झालं होतं. "कुणी विचारलं होतं? मी सांभाळून घेतलं होतं ना सगळं?"

"तू शाखा बुडवत होतास."

"माझी शाखा! मी बुडवेन नाही तर तारेन! मासे शिकवले असते, घरी बसलो असतो, फेलीच्या शिव्या खाल्ल्या असत्या, मला काय झालं असतं? तुझं काय? तू उद्या सकाळी उठून काय करणार आहेस, सांग. तुला ऑफिस सोडून काय येतं? स्वयंपाक येतो तुला? शिवण येतं? तुला साधं पोहता येत नाही, इतकी वर्षं समुद्राकाठी राहून!"

पेर्पेतुआ मागाच्या बाकावर बसली. त्याने आयुष्यभरात तिला जितकं सुनावलं नव्हतं तितकं आता सुनावलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती रडली. नीट, आवाज करून, नाक वाहेपर्यंत. तेरियोने फणी आवळायचं थांबवलं, खिशातला रुमाल दिला, आणि दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

दारात फेली आली. तिच्या हातात तीन कप कॉफी होती. एक नणंदेच्या हातात दिला.

"साखर जास्त घातलीय," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोललात म्हणून." ती तिथेच धोट्यांच्या पेटीवर बसली. नवऱ्याशी बोलायला तिने अजून सुरुवात केली नव्हती, पण कप त्याच्यापर्यंत पोचवला होता.

"पांगादानला," पेर्पेतुआ नाक पुसत म्हणाली, "शिकवायला एखादी जागा निघेल का? प्रशासन शिकवेन. हिशेब शिकवेन. फार पगार नको."

तेरियोने विचार केला. खरंच केला. तो शाखाप्रमुख होता.

"नाही निघणार, मानांग. आधीच शिक्षक जास्त, मुलं कमी. त्यातच तर अडकलोय. अजून एक शिक्षक घेतला तर पुढच्या वर्षी काबिगतिंग साहेब येऊन कुलूपच लावतील."

"बरोबर आहे," पेर्पेतुआ म्हणाली. मुलं वाढल्याशिवाय शिक्षक वाढवायचा नाही, हा नियम तिनेच साऱ्या कॉलेजला पाठवला होता.

"विद्यार्थिनी म्हणून ये," तेरियो म्हणाला. "फी नाही. तेवढीच एकाने संख्या वाढेल."

फेलीने कप तोंडाशी नेता नेता थांबवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कोणीच हसत नव्हतं.

"विणकामाला?"

"विणकामालाच. मासेपालनाला पोहता यावं लागतं."

पेर्पेतुआने समोरच्या रिकाम्या मागावरून हात फिरवला. "वयाची अट असेल ना?"

"होती," तेरियो म्हणाला. "गेल्या वर्षी काढली. संख्या भरत नव्हती."